परमुलुखातील एक दिवस : वस्तुसंग्रहालय पाहावे कसे?

परगावाहून मनुष्य परत आला म्हणजे आपल्याकडे त्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'काय काय पाहिले?' आणि दुसरा, 'आमच्यासाठी काय आणले?' 'काय समजले?' हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच तर सांगणारा अडखळतो. त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. परक्या शहरात एकच दिवस हाती असला तर तो कसा घालवावा, आणि तेथील वस्तुसंग्रहालय कोणत्या नजरेने पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गिरणीत, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा येथे जे येईल ते कामगाराच्या नजरेने पाहिलेले असेल, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

नांदेड-लातूरकडच्या लोकांना 'म्युझियम' हा शब्द प्रथम कळतो तो हैदराबादमुळे. १९५६ पर्यंत ती आपली राजधानीच होती. तेथील सालारजंग म्युझियम १९५१ साली लोकांस खुले झाले आणि १९६८ साली मुसी नदीच्या काठच्या आजच्या इमारतीत आले. कामानिमित्त हैदराबादला गेलेला आपला मनुष्य तेथे डोकावल्यावाचून सहसा परतत नाही. आम्हीही लहानपणी वडिलांचा हात धरून गेलो होतो. तेथील प्रसिद्ध घड्याळातून तासाच्या तासाला एक बाहुला बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. ते पाहावयास माणसे आधीपासून जागा धरून बसतात. आम्हीही बसलो. टोले पडले, मंडळी खूश झाली आणि उठली. आमचे वडील नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत विणाई खात्यात होते. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, "येवढं घड्याळ घडिवलं, पर घडिवनाऱ्याचं नाव कुठं दिसलं न्हाई रे." त्या वेळी आम्हाला त्याचे काही वाटले नाही. पुढे चाळीस वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, ते वाक्य आठवले.

२०१९ च्या सप्टेंबरात कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी आम्हाला इंग्लंडला जाण्याचा योग आला. बरोबर लातूरचे एक सहकारी होते. त्यांचे सारे आयुष्य आडतबाजारातल्या हमाल-मापाड्यांत गेलेले. बैठक संपली आणि परतीच्या विमानापूर्वी एक शनिवार मोकळा मिळाला. लंडन पाहावे असे बरोबरच्या काहींचे मत पडले. आम्ही दोघे मात्र मँचेस्टरला गेलो. कारण साधे होते. ज्या गावाचे नाव कापडाच्या गाठीबरोबर आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी गेले होते, ते गाव एकदा पाहावे.

एका दिवसाच्या पाहण्याचे आम्ही तीन नियम केले होते. पहिला : तीनपेक्षा अधिक ठिकाणे घ्यावयाची नाहीत. दहा ठिकाणे पाहणारा वस्तुतः दहा दरवाजेच पाहतो. दुसरा : जाताना एक प्रश्न बरोबर घ्यावयाचा आणि प्रत्येक ठिकाणी तोच विचारावयाचा. आमचा प्रश्न होता, 'हे कोणाच्या हातांनी झाले, आणि त्याचे नाव येथे आहे काय?' तिसरा : खिशात वही ठेवावयाची आणि वस्तूपेक्षा तिच्याखालची पाटी अधिक काळजीने वाचावयाची. वस्तू मुकी असते. तिच्या वतीने पाटी बोलते, आणि ती कोणीतरी लिहिलेली असते. भाषेची अडचण पुष्कळांना वाटते. परंतु पाटीवरचे इंग्रजी सोपे असते, आणि न समजलेला शब्द पहारेकऱ्यास विचारण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. आम्ही ज्या दोन संग्रहालयांत गेलो तेथे प्रवेशास तिकीट नव्हते, हेही सांगून ठेवतो.

आमचे पहिले ठिकाण विज्ञान आणि उद्योग यांचे संग्रहालय. त्याची जागाच आधी समजून घेण्यासारखी आहे. १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमध्ये वाफेच्या इंजिनाची आगगाडी सुरू झाली. शहराशहरांत ठरलेल्या वेळी उतारू नेणारी ती जगातील पहिली रेल्वे. तिचे मँचेस्टरकडचे स्थानक जेथे होते, तेथेच हे संग्रहालय उभे आहे. त्या काळची मालाची वखारही तेथे आहे. मँचेस्टरच्या शेतात कापसाचे एक बोंडसुद्धा पिकत नाही. लिव्हरपूलच्या बंदरात गाठी उतरावयाच्या, आगगाडीने मँचेस्टरकडे यावयाच्या आणि आसपासच्या गिरण्यांतून त्यांचे सूत व कापड व्हावयाचे. जवळच कोळसा होता, पाणी होते आणि हवा दमट होती. दमट हवेत सूत कमी तुटते.

आत कापडाच्या दालनात जुनी यंत्रे मांडून ठेवलेली आहेत आणि ती चालवूनही दाखवितात. पिंजण्याचे यंत्र, सूत काढण्याच्या चात्या, मग माग. दाखविणाऱ्या बाईंनी माग सुरू केला आणि धोटा या बाजूचा त्या बाजूला खडाखड पळू लागला. एकाच मागाने दालन भरून गेले. अशा शेकडो मागांच्या आवाजात त्या गावचे कामगार ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे ओळखीत, असे त्या बाईंनी सांगितले. आम्हाला हे नवे नव्हते. आमचे वडील घरीसुद्धा अर्धे हातांच्या खुणांनीच बोलत. त्या बाईंनी आणखी एक गोष्ट दाखविली. धोट्यात नवी कांडी भरली म्हणजे सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि ते तोंड लावून ओढून घेत. एकच धोटा दिवसातून अनेकांच्या तोंडी जाई आणि त्याबरोबर एकाचा आजार दुसऱ्याला होई. इंग्लंडात ही रीत कायद्याने बंद झाली ती १९५२ साली. चालू यंत्राखाली रांगत जाऊन कापसाचा कचरा झाडणाऱ्या लहान पोरांची हकीकतही त्यांनी सांगितली. कापड तलम होते; त्याच्या मागची ही बाजू पाटीवर लिहिलेली नसती, तर ते तलम कापड पाहूनच आम्ही पुढे सरकलो असतो.

दालनाच्या एका कपाटात काचेमागे एक धोटा ठेवला होता. साधा लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या घातलेला, हाताच्या घामाने काळवंडलेला. त्यापुढे आम्ही फार वेळ उभे राहिलो. लातूरचे सहकारी म्हणाले, "चला की हो, पुढं पुष्कळ पाहायचं राहिलंय." कारण त्यांना काय सांगणार? अगदी तसाच एक मोडका धोटा आमच्या घरी होता. वडिलांनी तो कामावरून मागून आणला होता, आणि आई त्याला सुतळी गुंडाळून ठेवी. वडील गेल्यावर घर बदलताना आम्हीच तो वडिलांच्या बिल्ल्यासह आणि पत्र्याच्या पेटीसह भंगारवाल्यास दिला. त्यांनी धोटा काचेत ठेवला, आम्ही तो तराजूत घातला. त्या दिवशी प्रथम कळले, की वस्तुसंग्रहालय इमारतीने होत नाही. 'ही वस्तू टाकावयाची नाही' असे कोणीतरी ठरविल्याने होते.

येथे थोडे मागे जाऊन आपल्या बाजूचा हिशेब मांडला पाहिजे; नाहीतर मँचेस्टर ही परक्यांचीच गोष्ट वाटेल. लातूरपासून फार दूर नसलेले तेर गाव वाचकांना ठाऊक आहे. त्याचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वहीत तगरचे कापड भडोच बंदराकडे जाते, असे नमूद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून पश्चिमेला कापड जात होते. एकोणिसाव्या शतकात हे चक्र उलटे फिरले : येथून कापूस जाऊ लागला आणि तेथून कापड येऊ लागले.

हे चक्र फिरविण्यास वस्तुसंग्रहालयाचाही उपयोग झाला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १८६६ साली फोर्ब्ज वॉटसन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे सातशे नमुने कापून, अठरा खंडांत डकवून, त्यांचे वीस संच तयार केले. त्यांपैकी तेरा ब्रिटनमध्ये ठेवले आणि सात हिंदुस्थानात. हिंदी माणूस पागोटे कसे बांधतो, लुगड्याचा काठ केवढा लागतो, धोतराची लांबी किती, हे सारे तिकडच्या गिरणीवाल्यांना बसल्या जागी पाहता यावे आणि तसा माल काढता यावा, हा त्यातला हेतू. ती एक प्रकारची फिरती वस्तुसंग्रहालयेच होती. त्यांत नमुना होता. पण तो विणणाऱ्या कोष्ट्या-साळ्याचे नाव नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो, की संग्रहालयात गेल्यावर 'हे येथे का ठेवले?' असेही विचारावे. जपणारा प्रत्येक हात प्रेमानेच जपतो असे नाही.

तेथून चालत आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. ते संग्रहालय नव्हे. रस्त्याच्या कडेची जागा आहे. पूर्वी तेथे सेंट पीटर्स फील्ड नावाचे मैदान होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी त्या मैदानावर सुमारे साठ हजार माणसे जमली होती. त्यांत विणकर पुष्कळ होते, बायका-मुलेही होती. मँचेस्टर एवढे मोठे शहर, परंतु पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. आम्हाला मत द्या, एवढीच मागणी. सभेवर घोडेस्वार घालण्यात आले. पंधरा-अठरा माणसे मेली, सहाशेंहून अधिक जखमी झाली. वॉटर्लूची लढाई चारच वर्षांपूर्वी झालेली होती. तेव्हा लोकांनी उपहासाने ह्या पराक्रमाला 'पीटर्लू' हे नाव दिले. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९१९ साली, आपल्याकडे जालियनवाला बाग झाली. आमचे सहकारी तारीख वाचून चमकले. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला तो १६ ऑगस्टलाच, १९८२ साली. तारखा अशा जुळतात, त्यात अर्थ नसतो. परंतु त्या योगाने परकी तारीख आपल्या लक्षात राहते, एवढा उपयोग खरा.

या जागेची एक हकीकत पाट्यांविषयी आहे, म्हणून ती मुद्दाम सांगतो. जवळच्या इमारतीवर पूर्वी एक निळी पाटी होती. तिच्यावर सभा भरल्याचे लिहिले होते आणि नंतर लष्कराने ती 'पांगविली' असा उल्लेख होता. मेलेल्यांबद्दल अक्षर नव्हते. नागरिकांनी त्याविरुद्ध चळवळ केली, आणि २००७ साली तेथे नवी तांबडी पाटी लागली. शांततेने जमलेल्या लोकांवर सशस्त्र घोडेस्वारांनी हल्ला केला आणि माणसे मेली, असे ती स्पष्ट सांगते. २०१९ साली, शंभर वर्षे दोनदा उलटल्यावर, दगडी पायऱ्यांचे गोल स्मारक झाले. त्यावर मेलेल्यांची नावे आणि त्यांची गावे कोरलेली आहेत. आम्ही वाकून ती वाचली. आमच्या प्रश्नाला त्या दिवशी मिळालेले पहिले पुरे उत्तर ते होते. आणि ते आपोआप मिळालेले नव्हते. पाटीवरच्या एका शब्दासाठीही संघटना करावी लागते.

पुढच्या वाटेवर एका चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा उभा होता. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मँचेस्टरात कसा? त्याचे उत्तर पुन्हा कापसात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि गुलामांच्या हातचा तिकडचा कापूस येणे बंद झाले. गिरण्या थंडावल्या, लाखो कामगारांवर उपासमार आली. तरीसुद्धा १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीच्या विरुद्ध, लिंकनच्या बाजूने, आपला पाठिंबा कळविला. सगळ्या गिरणीगावांचे मत एक होते असे नाही. परंतु उपाशी पोटी असा ठराव करणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढच्याच महिन्यात लिंकनने त्यांना उत्तर पाठविले, आणि त्यातील मजकूर पुतळ्याखाली कोरलेला आहे. ह्याच टंचाईत आपल्या शेजारच्या वऱ्हाड-खानदेशातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. खामगावच्या बाजारावर साऱ्यांचे डोळे लागले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. वधारत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचे काय झाले असेल, ते आपल्या भागात निराळे सांगावयास नको. तिकडचा विणकर आणि इकडचा कास्तकार एकाच धाग्याने बांधलेले होते. दोघांची भेट मात्र कधी झाली नाही. भेट झाल्याचा एक प्रसंग पुढे १९३१ साली घडला. परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांचे काम गेले होते, त्या लँकेशायरच्या डार्वेन गावी गांधीजी स्वतः गेले, आणि गिरणीतल्या बायांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले.

तिसरे ठिकाण म्हणजे लोकेतिहासाचे संग्रहालय. राजे-सरदार बाजूला ठेवून कामकरी लोकांची गोष्ट सांगणारे हे संग्रहालय एका जुन्या पंपघरात आहे. येथून दाबाचे पाणी नळांनी शहरभर जाई. त्या दाबाने वखारीतल्या कापडाच्या गाठी आवळल्या जात आणि नगरभवनाच्या घड्याळालाही चावी दिली जाई. 'जिनिंग-प्रेसिंग' ही जोडी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या प्रेसिंगचेच हे भावंड.

येथे कामगार संघटनांची निशाणे जपून ठेवली आहेत. त्यांपैकी लिव्हरपूलच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिरांचे निशाण १८२१ सालचे आहे. दोनशे वर्षांचे कापड! निशाणांची डागडुजी करणारी एक स्वतंत्र खोलीच तेथे आहे, आणि काचेतून ते काम पाहता येते. सुई घेऊन बसलेली माणसे एकेक विरलेला धागा सावरीत होती. लातूरच्या सहकाऱ्यांनी टोपी काढली आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "आपल्या पहिल्या मोर्चाचं निशाण कुठाय हो?" आम्हाला ठाऊक होते. पावसाळ्यात कचेरी गळू लागली तेव्हा ते कागदांच्या गठ्ठ्यांवर टाकले होते आणि कुजल्यावर फेकून दिले. टाकणारे आम्हीच.

संध्याकाळी परत येताना प्रिन्सेस स्ट्रीटवरची एक जुनी इमारत बाहेरून पाहिली. ती कामगारांच्या शिक्षणासाठी काढलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची. दिवसभर यंत्रावर राबलेल्या माणसाने रात्री येऊन गणित, विज्ञान, चित्रकला शिकावी, ह्यासाठी अशा संस्था निघाल्या होत्या. १८६८ च्या जूनमध्ये याच ठिकाणी चौतीस प्रतिनिधी जमले आणि ब्रिटनच्या कामगार संघटनांची पहिली काँग्रेस भरली. शाळा आणि संघटना एका छपराखाली वाढल्या, ही गोष्ट आमच्यासारख्या रात्रीच्या दिव्याखाली शिकलेल्या माणसाला विशेष वाटली.

त्या दिवशी सगळीकडे कुटुंबे फिरत होती. कारण शनिवार होता. हा शनिवारही फुकट मिळालेला नाही. शनिवारी दुपारी गिरण्या बंद व्हाव्यात हे तिकडे कायद्यात आले ते १८५० साली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. ज्याला सुटी नाही त्याला संग्रहालयाचे दार उघडे असून काय उपयोग? म्हणून सहलीला निघालेल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी त्या माणसाची आठवण करावी, असे आम्हाला वाटते.

आता घरची गोष्ट. उस्मानशाही गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आली. आज तिचा भोंगा वाजत नाही. ज्या भोंग्यावर नांदेडच्या बाया चूल पेटवीत, तो कसा वाजे हे सांगणारी माणसे आता सत्तरीपलीकडची आहेत. लातूरला १९११ साली आलेली बार्शी लाइटची अडीच फूट रुंदीची छोटी गाडी गेली. २००८ पर्यंत तो मार्ग रुंद झाला. ते चांगलेच झाले. परंतु त्या गाडीत गाठी आणि पोती चढविणाऱ्यांची नावे कोणाजवळ आहेत? मोठे संग्रहालय शासन उभारील तेव्हा उभारील. तोवर थांबण्याचे कारण नाही. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू एकट्याने वेचून जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि ते आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी आधी इमारतीची वाट पाहिली नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. प्रत्येक घरात पत्र्याची एखादी पेटी असते. त्यात बिल्ला असेल, हजेरीचे कार्ड असेल, हमालाचा लोखंडी आकडा असेल, मापाड्याची पायली असेल, विडी वळणाऱ्या आईची कात्री असेल. ती वस्तू टाकण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : ही काय, कोणाची, कोणत्या कामाची, किती वर्षे वापरली. जुन्या फोटोच्या मागे नावे लिहावीत. म्हातारी माणसे बोलती आहेत तोवर त्यांचे बोलणे उतरून घ्यावे. आता ते ध्वनिमुद्रित करणे तर पोरासोरांच्या हातचे झाले आहे. गावच्या वाचनालयाने एक कपाट ह्या वस्तूंसाठी मोकळे करावे. एक कपाट पुष्कळ झाले.

मँचेस्टरहून आम्ही कोणासाठी काही आणले नाही. घरी आल्यावर मात्र जुन्या वसाहतीत राहणाऱ्या, वडिलांच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या सोबत्याकडे गेलो आणि 'काका, तुमच्याजवळ एखादा धोटा आहे का?' म्हणून विचारले. ते उठले, माळ्यावरून एक गाठोडे काढले आणि म्हणाले, "हाय की. पर आजवर कुनी इचारलंच न्हाई." तो धोटा आता संघटनेच्या कचेरीत आहे. त्याखाली आम्ही स्वतः पाटी लिहिली आहे, आणि पाटीवर त्यांचे पूर्ण नाव आहे.